नदीकाठच्या पट्ट्या आणि बारावा हिस्सा

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातला सेंट लॉरेन्स नदीचा हा काठ वरून बघा. शेतं चौकोनी नाहीत. चिंचोळ्या, लांबलचक पट्ट्या, प्रत्येकीचं एक टोक नदीला टेकलेलं. आखणी फ्रेंचांची: साधारण 3 आर्पां रुंद, 30 आर्पां लांब. आर्पां म्हणजे सुमारे 58 मीटर. तेव्हा नदी हाच रस्ता, म्हणून काठ प्रत्येकाला हवा.

बाप गेला की पट्टी उभी चिरायची. आडवी कापली तर मागच्या भावाला ना पाणी, ना वाट. पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या, की दीड आर्पांहून कमी रुंदीच्या जमिनीवर नवं घर बांधायला फ्रान्सच्या राजाने 1745 साली बंदी घातली.

जमीनदार म्हणजे सेन्योर. 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला, त्याचा खंड भरायचा. दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं. दळणावळ चौदावा भाग, म्हणजे 14 पोत्यांमागे 1 पोतं. आणि जमीन विकली, की किमतीचा बारावा हिस्सा सेन्योरचा.

1760 साली मॉन्ट्रियल इंग्रजांकडे गेलं. पण 1774 च्या क्विबेक कायद्याने जमिनीचे फ्रेंच नियम तसेच ठेवले, आणि इंग्रज-स्कॉटिश व्यापाऱ्यांना तो बारावा हिस्सा सलू लागला. हिशोब करून बघा. जागा 200 पौंडांची, तिच्यावर उभारलेली गिरणी 1000 पौंडांची. 1200 ला विकली तर सेन्योरला 100 पौंड. जागेच्या निम्मी किंमत! तीही त्याने एक वीट न रचता. मॉन्ट्रियल बेटावर हा सेन्योर म्हणजे सुल्पिशियन पाद्र्यांचा मठ.

स्वतः सेन्योर झालं, की मात्र ही तक्रार विरते. फरच्या धंद्यात गबर झालेल्या सायमन मॅकटॅव्हिशने 1802 साली तेरबोनची जहागीर विकत घेतली. आता चौदावा भाग त्याच्या कोठारात.

1806 मध्ये नेपोलियनने युरोपची बंदरं ब्रिटनला बंद केली. बाल्टिकचं लाकूड अडलं आणि क्विबेकच्या पाइनला भाव आला. व्यापार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात, हिवाळ्यात जंगलात कुऱ्हाड चालवायला मात्र फ्रेंच शेतकऱ्यांची पोरं. घरी तरी काय होतं? खत न घालता पिढ्यान् पिढ्या गहू घेतलेली जमीन निकस झालेली. 1830 च्या दशकात गव्हावर माशीची कीड पडली, आणि ताटात बटाटा आला.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1837-38 च्या बंडात सेन्योरचा खंडही तक्रारींत होता. 1854 साली जहागिरी कायद्याने मोडल्या. बारावा हिस्सा गेला, पण त्याची भरपाई सेन्योरला सरकारी तिजोरीतून मिळाली. वार्षिक खंड मात्र नाव बदलून राहिला: एकरकमी मुद्दल भरा आणि मोकळे व्हा, नाहीतर दरसाल व्याज द्या. मुद्दल भरणं अनेकांना झेपलं नाही. त्यांच्या घरून 11 नोव्हेंबरचा भरणा 1940 पर्यंत चालू होता.