उदाहरणार्थ, पांडुरंग

(सकाळ. एसटी स्टँड. मिरचीची पोती.)

सिल्लोड. मिरचीच्या दिवसांत इथं उतरलं की आधी ठसका लागतो, मग गाव दिसतं. खेड्यापाड्यातली ही पोरं सातच्या एसटीनं कॉलेजला येतात. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि गाईड. गाईडमध्ये स्वभावचित्रण तयार असतं, दहा मार्कांच्या मापाचं. नायक बंडखोर, संवेदनशील व एकाकी. झालं, पान उलटा.

(प्रतीचा क्लोजअप.)

आणि ही 'कोसला' कादंबरी. भालचंद्र नेमाडे, १९६३. ग्रंथालयातली एकुलती एक प्रत, पुठ्ठा सुटलेला, पाठीला खाकी चिकटपट्टी. शनिवारी दुपारी दहा-बारा जण आळीपाळीनं मोठ्यानं वाचतात.

पहिल्या दिवशी गाडी पहिल्या वाक्यावरच अडली. नायक पांडुरंग सांगवीकर नाव सांगतो, वय २५ सांगतो, आणि मध्येच म्हणतो 'उदाहरणार्थ'. मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "सर, स्वतःचं वय सांगताना उदाहरणार्थ काहून?"

सरांनी उत्तर दिलं नाही. खडू तिच्याच हातात दिला.

मग पोरांनी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'खाली पेन्सिलनं रेघा मारायला घेतल्या. (ग्रंथपालांना विचारून. हे सांगायलाच हवं, नाहीतर ते आम्हाला सोडायचे नाहीत.) भिंतीवर कागद लागला, त्यावर रकाने: वडिलांचा पांडुरंग. पुण्यातल्या होस्टेलचा, मेसचा सेक्रेटरी झालेला. नापास होऊन सांगवीला परतलेला. मनीचा भाऊ. माणूस एकच, पण एका रकान्यातला दुसऱ्यात बसेना. त्यावर वाद दोन शनिवार चालला. शेवटी फारसं न बोलणारा एक जण म्हणाला, "त्याला पक्कं सांगायचंच नाही. पक्कं सांगितलं की लोक तेच धरून बसतात."

हे गाईडमध्ये नाही.

(वाचणारी मुलगी. पान.)

धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते, ते हे पान.

(निवेदन नाही. वीस सेकंद.)

अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश, पांडुरंगचं सांगवी तिकडचं. कादंबरीत अजिंठाही येतो. या पोरांना अजिंठा म्हणजे शाळेची सहल. यावेळी पोरं पुस्तक घेऊन गेली. सव्वीस नंबरचं लेणं, डावी भिंत: सुमारे सात मीटर लांबीचे, उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध. खाली शोक करणारी माणसं. चपला बाहेर, आत टॉर्चचा एक झोत, आणि पहिल्यांदाच मोबाईल कुणी काढला नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बहुतेकांनी गाईडच उतरवलं. दोघींनी कॉलेज सोडलं. वाचन सध्या बंद आहे.

(रिकामा वर्ग.)

कागद मात्र अजून भिंतीवर आहे. पांडुरंगच्या रकान्यांशेजारी कुणीतरी पेन्सिलनं स्वतःचे आखलेत. आईची. मामाची. कॉलेजातली. चौथ्या घरात फक्त 'वगैरे'.