पत्र्याच्या दारातला आवाज

क्लिपा एकेक करून सुटतात, गाडीच्या दाराचं पॅड हातात येतं आणि आतला पत्रा उघडा पडतो. पातळ पत्रा, त्याला मोठमोठी भोकं आणि वरून चिकटवलेलं प्लॅस्टिक. बोटांनी वाजवून बघा. रिकामा डबा वाजावा तसा वाजतो. गाडीबरोबर आलेला स्पीकर इतके दिवस या डब्यात गात होता.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढून ठेवली आहे. दारात आणि डॅशबोर्डमागे एअरबॅगच्या वायरी असू शकतात. त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. तिकडे हात न्यायचा नाही.

नवा स्पीकर बसवायचा म्हटलं की चार स्क्रूंचं काम वाटतं. पण स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये भोकं उघडी राहिली तर पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटते आणि खर्जातला आवाज तिथेच मरतो. मग माणूस बेस वाढवत राहतो आणि वाढते ती पत्र्याची थरथर. म्हणून आधी पत्रा पुसून कोरडा करायचा, त्यावर थरथर शोषणारी ब्युटाइल रबराची चिकट शीट ठेवायची आणि रोलर दाबून फिरवायचा. भोकं बुजवायची, पण काचेची यंत्रणा आणि लॉकची दांडी मोकळी फिरते का, ते बघत बघत. दाराच्या तळाशी बारीक छिद्रं दिसतात, ती मात्र कधीच बंद करायची नाहीत. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून आत उतरतंच. त्याला वाट नसेल तर दार आतून गंजतं.

आता तोच पत्रा पुन्हा वाजवा. ठक. बस्स, एवढंच. पैसे मोजकेच असतील तर आमचं मत ठाम आहे: महागडा स्पीकर थांबू द्या, आधी दारं करा.

मग ॲम्प्लिफायर कशाला? स्टिरिओच्या खोक्यावर एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरच्या वाटेला, पन्नास वॉट लिहिलेले असतात. पण इंजिन चालू असताना गाडीत फार तर 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्या दाबावर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे हिशेबाने 26 वॉट जातात, प्रत्यक्षात त्याहून कमी. पुढे आवाज वाढवला की लहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि बऱ्याचदा पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, जातो. ॲम्प आपल्या पोटात हाच व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून तो मोकळेपणाने वाजतो.

त्यासाठी लागणारा करंट थेट बॅटरीवरून आणावा लागतो. चार चॅनलचे प्रत्येकी खरे 50 वॉट धरले, तर वीज कमी वाया घालवणारा क्लास डी ॲम्पसुद्धा भर आवाजात 18 अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढी जाड, शुद्ध तांब्याची वायर हवी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेट घेते. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू न देणारी रिंग, हवीच.

आता अर्थिंग, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणं. हे जरा जवळून बघा. सीटखाली एक बोल्ट आहे. त्याच्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासला जातोय. राखाडी भुकटी पडते, मग चकाकता धातू दिसतो, रुपयाएवढा. त्यावर लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, त्यावर वॉशर, आणि पाना दोनदा आवळून. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तेवढी आखूड. रंगावरच आवळलेला बोल्ट बाहेरून अगदी असाच दिसतो, पण इंजिन रेस केलं की स्पीकरमधून शीळ येते आणि रेसबरोबर चढत जाते. ती अल्टरनेटरची शीळ. स्टिरिओ आणि ॲम्प यांची अर्थ सारखी नसली की ती सिग्नलच्या केबलमधून आत शिरते. म्हणून पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूने.

स्पीकरचे प्लस-मायनस तपासायला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. प्लसला प्लस लावा, पडदा बाहेर उडी मारेल. चारही स्पीकर एकाच दिशेने उडाले पाहिजेत. दाराच्या स्पीकरसाठी हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचा खर्ज अडवणारी सोय, 80 हर्ट्झच्या आसपास.

शेवटी ॲम्पवरचं गेन. हे बटण आवाजाचं नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल ॲम्पला झेपेल इतकाच घ्यायचा, हे त्याचं काम. बॅटरीची वायर परत जोडायची, स्पीकर सोडवून ठेवायचे, स्टिरिओ पाऊण आवाजावर, एक किलोहर्ट्झचा टेस्ट टोन आणि ॲम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर. 4 ओहमला 50 वॉट हवे असतील तर काटा 14 व्होल्टवर आला की गेन तिथेच सोडायचा.

टोन बंद. स्पीकर पुन्हा जोडले. दाराचं पॅड अजून बाजूलाच उभं आहे. इंजिन सुरू, आवाज निम्म्यावर, पण गाणं थांबवलेलं. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला जातो आणि कान स्पीकरला लावला जातो. शीळ नाही, खरखर नाही. आता गाणं लावा.