समीक्षकांनी बरोबर ऐकलं होतं

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका अल्बमविषयी बोलायचं आहे. त्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, आणि दर वेळी त्याची पहिली परीक्षणं आठवून अस्वस्थ होतो. अल्बमचं नाव 'इन द फ्लॅट फील्ड'. बँडचं नाव बाउहाउस. साल १९८०.

इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टन नावाचं गाव आहे, बूट बनवण्याच्या धंद्यासाठी ओळखलं जाणारं. तिथल्या चार तरुणांनी १९७८ मध्ये हा बँड काढला. गायला पीटर मर्फी, गिटारवर डॅनियल अ‍ॅश, बेसवर डेव्हिड जे आणि ड्रम्सवर त्याचा भाऊ केविन हास्किन्स. एकत्र येऊन थोडेच आठवडे झाले असताना, जानेवारी १९७९ मध्ये, त्यांनी जवळच्याच एका स्टुडिओत पहिलं गाणं रेकॉर्ड केलं: 'बेला लुगोसीज डेड'. ड्रॅक्युलाची भूमिका करून गाजलेल्या नटाच्या नावाचं, साडेनऊ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला ड्रमच्या कडेवर काठीचा कोरडा टकटकाट आणि त्याचे विरत जाणारे प्रतिध्वनी. मग वरून खाली उतरणारा बेस. गाणाऱ्याचा आवाज येईपर्यंत जवळपास तीन मिनिटं निघून जातात. काळोख, मृत्यू आणि भय यांभोवती फिरणाऱ्या ज्या रॉक संगीताला पुढे गॉथिक रॉक म्हणू लागले, त्याची सुरुवात बरेच जण याच गाण्यापासून धरतात.

हे गाणं गाजलं आणि बँडकडून काय अपेक्षा ठेवायची हेही त्याच्याबरोबर ठरून गेलं. पहिल्या अल्बमची कुंडली तिथेच मांडली गेली, असं मला वाटतं. कारण फोर-एडी या नव्या कंपनीसाठी अल्बम करताना या चौघांनी ते गाणं त्यात घेतलंच नाही. अल्बम स्वतःच निर्माते होऊन केला आणि त्यात नऊ नवे तुकडे ठेवले. पहिल्या गाण्यात मोकळी, गार पोकळी होती. इथे घुसमट, किंचाळी आणि घाम.

त्या काळी ब्रिटनमध्ये संगीताची साप्ताहिकं लाखांच्या घरात खपत. एखाद्या परीक्षणाने नवा बँड वर यायचा किंवा आडवा व्हायचा. त्यांतल्या दोन मोठ्या साप्ताहिकांनी, 'एनएमई' आणि 'साउंड्स' यांनी, हा अल्बम अक्षरशः झोडपला. एकाच्या मते हे नऊ तुकडे म्हणजे निरर्थक कण्हणं आणि हातपाय झाडणं, ज्यात मन गुंतावं असं काहीच नाही. दुसऱ्याची तक्रार अशी की यात गाणी नाहीतच, नुसते ट्रॅक आहेत. सगळं शिष्ट, आढ्यताखोर आणि थंड. ज्या गॉथपणाची आशा धरली होती तोही नाही, असंही त्याने लिहिलं. ज्या अल्बमला पुढे गॉथिक रॉकच्या पायाचा दगड मानलं गेलं, त्यात गॉथपणा कमी पडतो असा शेरा सुरुवातीच्याच परीक्षणांत मिळाला होता.

या समीक्षकांना कान नव्हते असं मात्र मी म्हणणार नाही. मी ही परीक्षणं जितकी मनात घोळवतो तितकं मला जाणवतं, की त्यांनी ऐकलं ते बरोबर ऐकलं. कण्हणं आहेच. हातपाय झाडणंही आहे. धृपद, कडवं, पुन्हा धृपद अशी बांधणी इथे बहुतेक ठिकाणी नाही. वर्णन चोख आहे. चूक झाली ती तोलताना. जे मुद्दाम केलं होतं ते त्यांनी उणीव म्हणून मोजलं.

'द स्पाय इन द कॅब' हा तुकडा घ्या. ट्रकचा वेग, तो किती तास चालला, चालकाने विश्रांती कधी घेतली, हे सगळं टिपणारं टॅकोग्राफ नावाचं यंत्र त्या सुमारास ब्रिटनमध्ये सक्तीचं होऊ घातलं होतं. ट्रकचालक चिडून त्याला केबिनमधला हेर म्हणत. त्यावरचं हे गाणं. त्यात एक बारीक इलेक्ट्रॉनिक ठोका आहे, ठरावीक अंतराने पडणारा. गिटार जेमतेम, आवाज खाली दबलेला. तो ठोका ना वाढतो, ना थांबतो. चालीच्या दृष्टीने पाहिलं तर इथे काही घडत नाही, ही तक्रार अगदी खरी. पण रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाच्या शेजारी एक यंत्र बसून आहे आणि ते डोळा मिटत नाही, हे सांगायला न वाढणारा, न थांबणारा ठोकाच हवा. तिथे छान चाल घातली असती तर हेर पळून गेला असता.

किंवा शीर्षकगीत. आतून गडगडत येणारे ड्रम्स, त्यावर करवतीसारखी गिटार, आणि मर्फी सपाट आयुष्याला कंटाळल्याचं जीव तोडून ओरडतो आहे. ही थंड गोष्ट आहे? 'स्टिगमाटा मार्टिर' मध्ये तो लॅटिन प्रार्थना पुटपुटू लागतो तेव्हा मला तर अंगावर काटा येतो. कॅथलिक घरात वाढलेल्या मुलाने लहानपणापासून कानावर पडलेले शब्द उलटे फिरवून पाहावेत, असं ते वाटतं. आढ्यता म्हणून ते बाजूला सारणं मला पटत नाही.

सगळंच उत्तम आहे असंही नाही. 'स्मॉल टॉक स्टिंक्स' मला आजही पोरकट वाटतं आणि तिथे मी समीक्षकांच्या बाजूने उभा राहतो.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. मे १९८० मध्ये जॉय डिव्हिजन या काळोख्या गाण्यांच्या इंग्लिश बँडचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली आणि जुलैमध्ये त्या बँडचा दुसरा अल्बम आला. काळोखाविषयी गाणाऱ्या प्रत्येक नव्या आवाजाला त्यानंतर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: तुझं दुःख खरं आहे का? बाउहाउस चेहऱ्याला रंग लावून, प्रकाशाचे खेळ करत रंगमंचावर यायचे. त्यांचं नाटक उघड होतं. त्या वर्षी नाटक म्हणजे खोटेपणा असा समज पक्का झाला होता, आणि त्याचा फटका या अल्बमला बसला असं माझं मत आहे. नट अश्रू ढाळतो ते भूमिकेतले असतात, म्हणून ते खोटे ठरवायचे का? नाटकवेड्या आपल्या मराठी श्रोत्यांना याचं उत्तर मी सांगायला नको.

ऐकणाऱ्यांनी परीक्षणांची वाट पाहिली नाही. छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डसाठी ब्रिटनमध्ये खपाची वेगळी यादी सुरू झाली ती त्याच वर्षी, जानेवारी १९८० मध्ये. 'इन द फ्लॅट फील्ड' त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. देशाच्या मुख्य यादीत तो एकच आठवडा दिसला, ७२ व्या स्थानावर. दोन वर्षांनी याच बँडचा तिसरा अल्बम मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. १९८३ मध्ये बँड फुटला. पहिला अल्बम मात्र टिकला, आणि २००९ मध्ये फोर-एडीने तो जादा गाण्यांसह पुन्हा थाटात काढला.

जाता जाता एक गोष्ट, खास रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी. अल्बमचा पहिला तुकडा आहे 'डबल डेअर'. खरखरीत, फाटलेल्या आवाजाचा बेस एकटाच सुरू होतो, जणू जड लोखंडी पेटी फरशीवरून कुणी ओढत नेतंय, आणि मग एकेक वाद्य त्यावर येऊन आदळतं. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी बँडने हा तुकडा आधीच वाजवला होता. नंतर अल्बमसाठी स्टुडिओत तो पुन्हा करून पाहिला, पण ती धार काही केल्या येईना. अखेर त्यांनी रेडिओसाठी वाजवलेलाच तुकडा बीबीसीकडून मिळवला आणि अल्बमच्या तोंडाशी लावला. त्यामुळे हा अल्बम आजही जिथे कुठे सुरू होतो, तिथे पहिली पाच मिनिटं रेडिओच वाजत असतो.