एक इंच म्हणजे नेमका किती?

(इंदूरमध्ये मोबाइल छायाचित्रणावर मराठीतून झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवा कॅमेरा-फोन बाजारात येण्याआधी दोन-तीन महिने त्याच्या पाठीचं चित्र येतं. पाठीवर पेढा चिकटवावा तसा गोल फुगवटा, शेजारी एखाद्या जुन्या जर्मन किंवा स्वीडिश कॅमेरा कंपनीचं नाव, आणि खाली दोन आकडे: एक इंचाचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, आणि दोनशे मेगापिक्सेलची टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारा कॅमेरा. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता डीएसएलआर विकून टाका. दुसरा म्हणतो, सगळी जाहिरातबाजी. फोन अजून दोघांनीही हातात घेतलेला नसतो. आज हे आकडे जरा उलगडून बघू.

आधी तो इंच. सेन्सरला पट्टी लावलीत तर रुंदी भरते १३.२ मिलिमीटर, उंची ८.८ आणि कर्ण साधारण १६. पंचवीस मिलिमीटर कुठेच सापडत नाहीत. हे माप आलंय टीव्ही कॅमेऱ्यातल्या व्हिडिकॉन नळीवरून. नळीच्या काचेचा बाहेरचा व्यास एक इंच असायचा, चित्र उमटायची जागा आतली, त्याहून बरीच लहान. नळ्या गेल्या, माप राहिलं. आपल्या सराफ्यात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. तिथे बिघडत नाही, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ते ठाऊक असतं. इथे एकालाच ठाऊक असतं.

म्हणून इंच विसरा, क्षेत्रफळ काढा. एक इंच म्हणवणारा सेन्सर भरतो सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. बऱ्याच महागड्या फोनमधला १/१.३ इंची सेन्सर साधारण ७२. म्हणजे तेवढ्याच एफ-आकड्याला (भिंगाचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितकं छिद्र मोठं) दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश, छायाचित्रकारांच्या भाषेत दोन तृतीयांश स्टॉप; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांतला एपीएस-सी आकाराचा सेन्सर ३६० चौरस मिलिमीटरच्या पुढे जातो, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा फुल फ्रेम ८६४ चा. डीएसएलआर विकायला निघालेल्यांनी हे दोन आकडे खिशात ठेवावेत. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६० च्या दशकात इथे इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, आणि पुढे मध्य भारतातल्या वास्तूंची चित्रं त्यांनी तळहातापेक्षा मोठ्या काचांवर घेतली. त्या चित्रांतला बारकावा आजही थक्क करतो, त्याचं मोठं श्रेय काचेच्या आकाराला आहे. जागा मोठी तर चित्र दाट, हा हिशेब तेव्हापासून बदललेला नाही.

आता मोठ्या सेन्सरची किंमत. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरचं भिंग देतं तसं रुंद दृश्य हवं असेल तर या एक इंची सेन्सरपुढे भिंगाची प्रत्यक्ष नाभीय लांबी, म्हणजे ढोबळमानाने भिंग ते सेन्सर अंतर, येते जवळपास ९ मिलिमीटर. अख्ख्या फोनची जाडी तेवढीच असते, म्हणून तो पेढा. त्याहून मोठी अडचण जवळच्या वस्तूंची. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीत पोहे-जलेबीची प्लेट समोर आहे, फोन वीस सेंटिमीटरवर धरलाय, भिंग एफ/१.८. स्पष्ट दिसणारा पट्टा भरतो जेमतेम दोन सेंटिमीटर. पुढची शेव टोकदार, मागची जलेबी विरघळलेली. लोक याला फोकसचा बिघाड समजून सर्व्हिस सेंटर गाठतात. बिघाड काही नाही. फोन चाळीस सेंटिमीटरवर न्या आणि दोन-एक्स झूम दाबा. प्लेट तेवढीच दिसेल, स्पष्ट पट्टा मात्र चार सेंटिमीटरचा होईल. काही फोनमध्ये छिद्र लहान-मोठं करायची सोय असते. सॅमसंगने २०१८ च्या एस ९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ दिलं होतं, शाओमीच्या १३ अल्ट्रामध्ये एफ/१.९ आणि एफ/४ होतं. येणाऱ्या फोनच्या तपशिलात ही ओळ आहे का, ते मेगापिक्सेलच्या आधी शोधा.

दोनशे मेगापिक्सेलबद्दल थोडं भौतिकशास्त्र, दोनच मिनिटं. भिंग कितीही निर्दोष असो, प्रकाश बिंदूत गोळा होत नाही, ठिपक्यात होतो. ठिपक्याचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-आकडा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा, टेलिफोटो एफ/२.६ ची धरा. ठिपका येतो साडेतीन मायक्रॉनचा. दोनशे मेगापिक्सेलच्या टेलिफोटो सेन्सरचा एक पिक्सेल असतो ०.५६ मायक्रॉन. म्हणजे एकाच ठिपक्यात ओळीने सहा पिक्सेल बसतात आणि सहाही जवळजवळ तेच सांगतात. मग इतके पिक्सेल कशाला? सोळा-सोळा एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचं चित्र करायला. प्रकाश कमी असेल तेव्हा ते उपयोगी पडतं, आणि भर उन्हात मधल्या भागाची कापणी करून थोडा खरा झूमही मिळतो. पूर्ण दोनशेवर मात्र प्रक्रिया संथ होते, बऱ्याच फोनमध्ये एचडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्हींतला तपशील सांभाळणारी सोय, मंदावतो किंवा बंदच पडतो आणि फाइल अवाढव्य होते. ए-फोर आकाराला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छपाई करायची तर पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. घरातल्या भिंतीवर याहून मोठं काय लावणार आहात, ते आधी ठरवा.

पण संशय घेणाऱ्यांनीही एक आठवावं. नोकियाने २०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यूत ४१ मेगापिक्सेल दिले, तेव्हा कित्येकांनी त्याची टर उडवली. तो फोन सात-सात पिक्सेल मिळवून पाच मेगापिक्सेलचं स्वच्छ चित्र देत असे. आज स्वस्तातल्या फोनमध्येही पिक्सेल एकत्र करण्याची तीच कल्पना आहे. त्या फोनची सिम्बियन ही कार्यप्रणाली बुडाली, कल्पना तरली. उलट टोक म्हणजे रेडचा हायड्रोजन वन. सिनेमाचे कॅमेरे करणारी नावाजलेली कंपनी, जुलै २०१७ मध्ये घोषणा, अ‍ॅल्युमिनियमच्या फोनची किंमत ११९५ डॉलर, पाठीला कॅमेऱ्याचे मॉड्यूल जोडता येतील असं आश्वासन. फोन २०१८ च्या अखेरीस आला, मॉड्यूल आलेच नाहीत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तेव्हा नियम साधा: जे डब्यात आहे त्याचेच पैसे द्या. ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ याची किंमत शून्य धरा.

अनावरण सोहळ्यातली चित्रंही तशीच बघायची. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाच्या ल्युमिया ९२० च्या जाहिरातीत सायकलवरून फोनने घेतलेला स्थिर व्हिडिओ दाखवला होता. एका खिडकीच्या काचेत गाडीत बसलेला, मोठा कॅमेरा रोखलेला माणूस दिसला आणि कंपनीला माफी मागावी लागली. गंमत अशी, की त्या फोनचं स्थिरीकरण खरोखर चांगलं होतं. आता असं उघड कोणी करत नाही. आता फोन तिपाईवर असतो, दृश्य सावकाश असतं, प्रकाश नेमलेला असतो. हे फसवणं नव्हे, पण तुमच्या घरी तसा प्रकाश नसतो.

मला विचाराल तर खरा कॅमेरा सेन्सरपाशी सुरू होत नाही. बटण दाबण्याच्या आधीपासून फोन चौकटी, म्हणजे एकापाठोपाठ एक फ्रेम, साठवत असतो. मग त्यातल्या निवडतो, एकावर एक बसवतो, सावल्या उचलतो, कडा धारदार करतो. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट हा रात्रीच्या फोटोंचा मोड आणला त्याचा हिशेब बघा: फोन हातात असेल तर जास्तीत जास्त १/३ सेकंदाच्या १५ चौकटी, कुठे टेकवलेला असेल तर एकेका सेकंदाच्या ६. म्हणून रात्री फोन कठड्याला टेकवला की चित्र लगेच सुधारतं. तिपाई लागतेच असं नाही. पण या पंधरा चौकटींमध्ये सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जोशी दहीवडेवाला द्रोण हवेत उडवत असेल, तर द्रोणाची भुतं उमटतात. हलणाऱ्या माणसांसाठी नाइट मोड बंद करा, चित्रात दाणे (नॉइज) आले तर येऊ द्या. सराफ्यात रात्री अजून एक त्रास: आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभरदा चढतो-उतरतो. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. १/१२५ ठेवलंत की परत हजर.

रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, याच्या नेमकी उलट. ऊन भरपूर, राजवाड्यापाशी यंत्रांतून गुलाल उंच उडतोय. इथे शटर १/१००० हवं. गडद गुलाबी रंगात लाल वाहिनी, म्हणजे सेन्सरची लाल रंगाची नोंद, आधी भरून जाते आणि गुलालाचा नुसता सपाट गोळा दिसतो. एक्स्पोजर उणे ०.७ वर ओढलं की कण सुटे दिसू लागतात. आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलंय म्हणून बेफिकीर राहू नका. ती चाचणी साठलेल्या स्वच्छ पाण्यातली असते, टँकरच्या फवाऱ्याची नव्हे. आणि भिंगावरचा गुलाल रुमालाने पुसण्याआधी फुंकून उडवा, नाहीतर काचेवरचा लेप ओरखडतो.

पोर्ट्रेट मोडची परीक्षा घ्यायची असेल तर मुंडावळ्यांसारखी परीक्षा नाही. गालांवरून लोंबणारे मोत्यांचे सर फोनला पार्श्वभूमी वाटतात, मग अर्धे सर स्पष्ट आणि अर्धे पुसलेले. नथीच्या कडीतून दिसणारा गालही कधीकधी धूसर होतो. लग्नाच्या फोटोसाठी तीन-एक्सची खरी टेलिफोटो वापरा आणि कृत्रिम धूसरपणा बंद ठेवा. ‘ब्यूटी’ शून्यावर आहे ना, तेही पाहा. काही फोनमध्ये तो आपसूक चालू असतो.

फोन किती कल्पना लढवतो याचं टोकाचं उदाहरण चंद्राचं. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचं चित्र १७० बाय १७० पिक्सेलपर्यंत लहान केलं, मुद्दाम धूसर केलं, मॉनिटरवर लावलं आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या अल्ट्रा फोनने टिपलं. मूळ चित्रात नसलेली विवरं फोटोत उमटली. कंपनीनेही मान्य केलं, की चंद्र ओळखून त्याचा तपशील एआयने वाढवला जातो. चंद्राचं चालेल, तो सगळ्यांचा एकच आहे. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं तीस-एक्सवर अशीच ‘सुधारली’, तर वाचणार काय?

व्हिडिओचं थोडक्यात. आयफोनच्या प्रोरेस या कमी दाबलेल्या व्हिडिओ-प्रकारात फोर-केचं एक मिनिट साधारण ६ जीबी खातं. १२८ जीबीचा फोन घेऊन असली स्वप्नं बघू नयेत. उष्णतेचंही तेच. अ‍ॅपल वापरासाठी ० ते ३५ अंश सांगते, आणि आपला मे महिना चाळिशीच्या वर. उन्हात दहा मिनिटं फोर-के चाललं की आधी पडदा मंद होतो, मग फ्लॅश नाकारला जातो, शेवटी चित्रीकरण थांबतं. जाड कव्हर काढा, सावलीत धरा, चार्जिंगला लावून शूट करू नका. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

घ्यायचाच असेल तर अनावरणानंतर सहा-आठ आठवडे थांबा. पहिल्या एक-दोन अपडेटमध्ये कॅमेऱ्याचा रंग आणि फोकस बदलतात, सुरुवातीची परीक्षणं त्याआधीची असतात. परदेशातून मागवायचा मोह होतो, कारण शाओमी १२एस अल्ट्रासारखे काही फोन चीनपुरतेच राहिले. पण वॉरंटी आणि आपल्याकडचे फाइव्ह-जी बँड आधी तपासा.

जेल रोडवर दुकानात गेलात की दिव्यांखाली फोटो काढू नका, तिथे सगळेच फोन हुशार. आधी भिंगं पुसा. नमुन्याच्या फोनवर शंभर जणांची बोटं असतात. मग सोबतच्याला दाराकडे पाठ करून उभं करा: चेहरा दिसला पाहिजे, आणि बाहेरचा रस्ताही पांढरा पडता कामा नये. नंतर ०.६ पासून पाच-एक्सपर्यंत सावकाश झूम करा, भिंग बदलताना भिंतीचा रंग उडी मारतो का ते बघा. मग जिन्याखालच्या अंधारात तीन-एक्स लावून टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर टेलिफोटो खरी चालू आहे. चित्र तसंच राहिलं, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून मोठा करतोय. अंधारात अनेक फोन हे गुपचूप करतात, आणि दोनशे मेगापिक्सेल खिशातच राहतात. शेवटी सोबतच्याला चालायला सांगून दहा फोटो घ्या, एकेकाचा तपशील उघडून शटर वाचा. १/२५ किंवा १/३० दिसत असेल, आणि घरात तीन वर्षांचं मूल असेल, तर दुकानदाराला पुढचा फोन दाखवायला सांगा.