शाळांना सूट मिळाली, पण कशाच्या बदल्यात?

नमस्कार. विषय मीच मागून घेतला होता: अमेरिकेत केंद्राने राज्यांना शिक्षणाच्या नियमांत सूट दिली, तर मागे पडलेल्या शाळा सुधारतात का? समोर बरेच पालक आहेत, काही शिक्षकही दिसतायत, म्हणून टायटल वन, म्हणजे गरीब मुलांच्या शाळांना मिळणारा केंद्राचा पैसा, हे सगळं पहिल्यापासून सांगत बसत नाही. एवढंच लक्षात असू द्या, की अमेरिकेत शाळांवर होणाऱ्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पण गरीब वस्तीतल्या शाळेतली जादा शिक्षिका, वाचनाचा खास तास, हे बऱ्याचदा त्याच पैशावर चालतं. म्हणून त्या पैशाबरोबर येणाऱ्या अटी कुणालाच नाकारता येत नाहीत.

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या शाळांच्या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये एकदा, आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल या विषयांत तयार. या कायद्यावर मी आज टीका करणार आहे, पण त्याची एक गोष्ट मला मनापासून पटते. नुसती सरासरी दाखवून त्याने शाळांना सुटू दिलं नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो, गरीब घरातली, अपंगत्व असलेली, इंग्रजी अजून शिकत असलेली मुलं, प्रत्येक गटाचा निकाल वेगळा मांडा, असं सांगितलं. नावाजलेल्या उपनगरांतल्या शाळांतही काही मुलांना धड वाचता येत नाही, हे तेव्हा उघड झालं. आपल्या भारतीय लोकांना तर हे पटायलाच हवं. ‘एशियन’ या एकाच रकान्यात आपली मुलं बसली, की त्याच रकान्यातली कंबोडिया-लाओसहून आलेल्या निर्वासित कुटुंबांची मुलं दिसेनाशी होतात. हा रकाना अजूनही पुरेसा फोडलेला नाही. असो, तो वेगळ्या दिवसाचा विषय.

२०१४ जवळ येत गेलं तसं दिसू लागलं, की शंभर टक्क्यांचं लक्ष्य कुणीच गाठणार नाही. काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा दुरुस्त करता येईना. म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये ओबामांनी सूट जाहीर केली आणि शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी चाळीसहून अधिक राज्यांना ती दिली. बदल्यात तीन मोठ्या अटी होत्या: कॉलेज आणि नोकरीच्या तयारीचा अभ्यासक्रम-दर्जा, तळच्या पाच टक्के शाळांवर ठोस उपाय, आणि शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांच्या परीक्षेतल्या प्रगतीचा हिशेब.

या तिसऱ्या अटीवर आपल्या वॉशिंग्टन राज्याचं अडलं. इथल्या कायद्यात राज्याच्या परीक्षेचे गुण मूल्यमापनात धरायची मुभा होती, सक्ती नव्हती. विधिमंडळाने ती सक्ती केली नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये आपली सूट गेली. सूट गमावणारं हे पहिलं राज्य. जुना कायदा पुन्हा लागू झाला आणि दहापैकी जवळपास नऊ शाळा एका उन्हाळ्यात ‘नापास’ ठरल्या.

मग पालकांना शाळांकडून पत्रं आली. इथल्या अनेकांना आठवत असतील. मी तेव्हा संध्याकाळी एका शाळेच्या लायब्ररीत मुलांना वाचायला बसवायचे. एक सोमाली वडील ते पत्र घेऊन आले. त्यांनी ते घरी मुलाकडूनच वाचून घेतलं होतं. विचारलं, शाळा बंद होणार का? मी पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, की तुमची शाळा अपयशी ठरली आहे, तुम्ही मुलाला दुसऱ्या शाळेत घालू शकता. दुसरी कुठली? शेजारच्या शाळेच्या पालकांनाही तेच पत्र गेलं होतं! ते हसले, मीही हसले, आणि मग त्यांनी विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेले नाही: त्याच्या बाई चांगल्या नाहीत का? त्या बाई सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी येऊन त्यांच्या मुलाबरोबर वाचत बसायच्या. मूल वर्षभरात दोन इयत्तांचं वाचन शिकलं होतं. पत्रात यातलं काहीही मावत नव्हतं.

राज्यातल्या २८ डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या, प्रमुखांनी पत्रासोबत स्वतःचं पत्र जोडलं, की हा शिक्का आम्हाला मान्य नाही. त्यांचं मला कौतुक वाटतं. पण पैसा मात्र गेला. टायटल वनमधला वीस टक्क्यांपर्यंतचा भाग मुलांना दुसऱ्या शाळेत नेणाऱ्या बससाठी आणि खासगी शिकवण्यांसाठी बाजूला काढावा लागला. भांडण प्रौढांचं होतं, शिक्षकांना कसं मोजायचं याचं. किंमत मोजली वाचायला शिकणाऱ्या मुलांनी. याचा मला आजही राग आहे.

पाच मिनिटं उरली असं खुणावतायत, आणि कबूल केलेला मुद्दा तर आता येतोय. भरभर सांगते.

शाळा सुधारायला केंद्राने सुमारे सात अब्ज डॉलर वेगळे दिले होते. त्यासाठी चारच वाटा: मुख्याध्यापक आणि निम्मे शिक्षक बदला, शाळा दुसऱ्या संस्थेकडे द्या, बंद करा, किंवा मुख्याध्यापक बदलून कारभार आमूलाग्र बदला. जानेवारी २०१७ मध्ये शिक्षण खात्याच्याच संशोधन विभागाचा अहवाल आला: गुणांवर, हायस्कूल पूर्ण करण्यावर लक्षणीय परिणाम नाही. मग काहीच चालत नाही का? मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स शहर पहा. २०११ च्या शेवटी राज्याने तिथल्या शाळा ताब्यात घेतल्या. बहुतेक शिक्षक तसेच ठेवले, बरेच मुख्याध्यापक बदलले, शाळेचा वेळ वाढवला, आणि सुट्टीच्या आठवड्यात निवडक शिक्षकांना छोट्या गटांबरोबर एकाच विषयावर बसवलं. पहिल्या दोन वर्षांत गणित ठळकपणे सुधारलं, वाचन थोडंसं. मुलाला चांगल्या शिक्षकाचा जास्त वेळ मिळाला, असं मी त्याचं सार मानते.

डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने सूट कायमचीच करून टाकली. परीक्षा आणि गटवार निकाल राहिले. तळच्या पाच टक्के शाळा, आणि एक तृतीयांशाहून जास्त मुलं शिक्षण पूर्ण न करता बाहेर पडतात ती हायस्कूलं, राज्याने शोधायची. पण काय करायचं ते राज्य आणि डिस्ट्रिक्ट ठरवणार. शिक्षकांना कसं मोजायचं हे केंद्र आता सांगू शकत नाही. हे मला योग्य वाटतं, एका अटीवर: गटवार निकाल कुणीही झाकू नये. आणि त्या शाळांचा सुधारणा-आराखडा पालकांना विचारात घेऊन करायचा, असं कायद्यातच लिहिलंय. तो मागून घ्या. त्यात कुठल्या मुलांना, कुठल्या शिक्षकाचा, आठवड्यात किती जास्त वेळ मिळणार हे लिहिलं नसेल, तर स्कूल बोर्डाच्या बैठकीत उठून विचारा. तुमचं मूल त्या शाळेत नसलं तरी विचारा.

प्रश्न असतील तर घेते.