नकाशातली पाणंद

नमस्कार श्रोतेहो. टॉवर गेला की मोबाइलमधला नकाशा संपला, असं आपल्याकडं धरूनच चालतात. ते अर्धंच खरं. आपण कुठं उभे आहोत हे फोनला जीपीएसचे उपग्रह सांगतात. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून ते सतत वेळ कळवत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. जागा ठरवायला खरं तर तीन उपग्रह पुरावेत, पण फोनचं घड्याळ त्यांच्याइतकं अचूक नसतं, म्हणून चौथा लागतो. औशाच्या शिवारात टॉवरची एकही दांडी नसली तरी हे चालतं.

पण उपग्रह देतो तो नुसता ठिपका. त्याच्याखालचा रस्ता, फाटा, ओढा कुणीतरी नकाशात टाकावा लागतो. 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. लोकांनी भरायचा, कुणीही फुकट वापरायचा असा नकाशा. ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप त्याच माहितीवर चालतं. त्याची मजाच आहे. मूळ अ‍ॅप मॅप्सविदमी. ते 2014 मध्ये एका रशियन कंपनीनं घेतलं, 2020 मध्ये पुन्हा विकलं गेलं. मधल्या काळात त्याचा कोड, म्हणजे अ‍ॅप ज्यावर चालतं ती आज्ञावली, कुणालाही वापरायला खुला झाला होता. मूळ मंडळींनी तोच उचलला आणि 2021 मध्ये बिनजाहिरातीचं नवं अ‍ॅप उभं केलं. महाराष्ट्राचा नकाशा घरी एकदा उतरवून घेतला की बाहेर इंटरनेट लागत नाही.

रस्ता शोधायची युक्ती तर त्याहून जुनी. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी ती 1956 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन न घेता, वीसेक मिनिटांत बसवली, असं त्यांनीच पुढं सांगितलं. फाटे म्हणजे गाठी, रस्ते म्हणजे दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीवर लागणारा वेळ. ज्या वाटेनं वेळेची बेरीज सगळ्यात कमी, ती वाट धरायची.

घोडं अडतं ते या वेळेपाशी. काळ्या रानातल्या पाणंदीवरून एप्रिलमध्ये मोटारसायकल सुसाट जाते, जुलैत तिथंच ट्रॅक्टर रुततो. पाणंद 'कच्ची' म्हणून नोंदलेली असेल, तर 'कच्चे रस्ते टाळा' म्हटल्यावर अ‍ॅप ती टाळायला बघतं. नोंदच नसेल तर ते बिचारं काय करणार?

आपल्याकडं तर गावंच्या गावं हलली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी आणि लातूर-धाराशिवमधली कितीतरी गावं नव्या जागी वसली. नाव तेच, ठिकाणं दोन. सोयरे नव्या गावात राहतात की जुन्या, हे उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही. ते पोस्टमनला माहीत असतं, एसटीच्या कंडक्टरला माहीत असतं.

अशा माणसांसाठी स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे. खातं उघडायचं, रस्त्यावर उभं राहायचं. ते विचारतं, डांबरी की मातीचा? उत्तर दाबलं की नोंद झाली. नवीन वाट आखायची असेल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर, तिथलाच उपग्रहाचा फोटो खाली धरून. गूगलच्या नकाशावरून मात्र उतरवू नका, ते नियमात बसत नाही.

आणि आज टाकलेली पाणंद उद्याच फोनवर शोधत बसू नका. ऑरगॅनिक मॅप्सच्या नकाशाचं पुढचं अपडेट आलं की तो पुन्हा उतरवून घ्या, मग बघा.