गॅरेजमधून आली, पण चालू होईना

नमस्कार श्रोतेहो. दुचाकी गाडी कित्येक महिने गॅरेजमध्ये पडून होती, बिल भरलं, घरी आणली, आणि दारात उभी केली तर चालूच होत नाही. अशा गाडीचं काय करायचं, यावर आज बोलायचंय. मी काही मिस्त्री नाही. जन्म गेला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात. पण ज्याची गाडी चार महिने गॅरेजात असते त्याला रोज तिथल्या बाकड्यावर बसावं लागतं, आणि बसून बसून माणूस थोडाफार शिकतोच.

तीन शब्द लक्षात ठेवा. करंट, पेट्रोल, हवा. प्लगला करंट, कार्बोरेटरात पेट्रोल, आणि त्या पेट्रोलात मिसळायला हवा. पुन्हा सांगतो. करंट, पेट्रोल, हवा. इंजिनात दम असेल तर या तिन्ही गोष्टी मिळाल्यावर ते चालू होतं. यातली पहिली दोन सगळेजण तपासतात. तिसरी फुकटात मिळते, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही. माझ्या गाडीचं तेच झालं.

माझी गाडी शंभर सीसीची, किकची, जुनी कार्बोरेटरवाली. जिंतूर रस्त्याला आमचं गाव आहे, त्या रस्त्यावर तिनं जे सोसलंय ते तिलाच माहीत. धूर फेकायला लागली म्हणून मृगाच्या आधी गॅरेजात टाकली. मिस्त्री म्हणाला, आठ दिवस. मग बोअर करायला सिलिंडर परभणीला गेला. मापाचा पिस्टन मिळेना. पिस्टन मिळाला तर मिस्त्रीच्या मेहुण्याचं लग्न निघालं. लग्न झालं आणि पाऊस लागला. पाऊस उघडला तर मिस्त्री सोयाबीन काढायला शेतात. गाडी मिळाली दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, तीही लाईट गेलेली असताना. त्यानं पंधरा-वीस किका मारल्या. गाडी नुसती ‘फुस्’ करायची. म्हणाला, "गुरुजी, ओव्हर झालीय, पेट्रोल जास्त गेलंय. रात्रभर राहू द्या, सकाळी एका किकेत घेईल." छोटा हत्ती टेम्पो केला आणि आणली घरी.

सकाळी दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. किक मारली. फुस्.

आता दसऱ्याला आपल्याकडं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळं गाव सोनं द्यायला येतं. जो आला त्यानं आधी सोनं दिलं, ‘सोन्यासारखं राहा’ म्हणाला, आणि मग किक मारली. (सोन्यावरून आठवलं. हल्ली बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं खपवतात. आपट्याचं पान लहान आणि जाड असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. दोघांचीही फोड सारखी, म्हणून शहरातली माणसं फसतात. खेड्यातल्या माणसानं तरी फसू नये. आणि चार पानांसाठी अख्खी फांदी मोडणाऱ्याला तर मी उंबऱ्यात येऊ देत नाही. असो.)

तर पोलीस पाटलांनी किक मारली. तलाठ्यानं मारली. आमचे दाजी सेलूहून आले होते, ते म्हणाले, "किकेचं काम न्हाई हे, ढकलून घ्या." दुसऱ्या गिअरात टाकून पोरांनी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली, तिथून परत आणली. हारातली फुलं रस्ताभर. पुतण्यानं प्लग काढला, कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवला, किक मारली. निळी ठिणगी, कडक. म्हणजे करंट आहे. प्लग पेट्रोलनं चिंब भिजलेला. म्हणजे पेट्रोल आहे. प्लग पुसून बसवला, पुन्हा किका, पुन्हा चिंब. दुपारपर्यंत गावाचं एकमत झालं की इंजिन गेलं. दाजींनी तर गाडीचं गिऱ्हाईकसुद्धा सुचवलं.

चार वाजता आमचा गिरणीवाला आला. त्याची पिठाची गिरणी अजून जुन्या ऑइल इंजिनावर चालते, लाईटची वाट बघत नाही. भुवयांवर पीठ तसंच. सोनं दिलं आणि ओट्यावर बसला. किकेला पाय लावला नाही.

"काय करायलाव गुरुजी? पाय मोडून घेताव का?" म्हणाला. मग विचारलं, "मिस्त्रीनं काय काय खोललं होतं?"

मी सांगितलं. हेड, सिलिंडर, क्लच, कार्बोरेटर.

"करंट कुणी बघितला?" पुतण्यानं हात वर केला. "पेट्रोल?" तेही त्यानंच. "आन् हवा?"

कुणीच बोललं नाही.

मग त्यानं पुतण्याला कार्बोरेटरच्या मागचा क्लॅम्प ढिला करायला लावला. तिथं रबराची नळी असते. एअर फिल्टरमधली हवा तिच्यातून कार्बोरेटरात येते. कार्बोरेटर बाजूला केला, नळीत बोट घातलं, आणि म्हणाला, "पकड आण." पकडीत काहीतरी धरलं आणि ओढायला लागला. कापड. वीतभर आलं, हातभर आलं, तरी येतच होतं. शेवटी गोंडा आला. लोकसभेच्या प्रचारातलं उपरणं होतं ते! चिन्हासकट, घोषणेसकट. कोणत्या पक्षाचं ते सांगत नाही, रेडिओवर आहे मी. पण ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसलेली होती. एक बाजू हसली आणि दुसरी चहाला बसलीच नाही.

झालं असं होतं, की कार्बोरेटर काढून ठेवल्यावर नळीत धूळ, उंदीर जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं हाताला लागलं ते कापड कोंबलं. त्यात चूक काही नाही, चांगले मिस्त्री असंच करतात. पण चार महिन्यांनी कार्बोरेटर बसवताना कोंबलेलं कोण लक्षात ठेवतो? हवा बंद, म्हणून इंजिन नुसतं पेट्रोलच ओढत होतं आणि प्लग भिजत होता. गिरणीवाल्यानं पेट्रोलचा कॉक बंद करायला लावला, चोक खाली पाडून हवेची वाट मोकळी केली, प्लग कोरडा करून बसवला आणि ॲक्सिलेटर पूर्ण पिळून किका मारायला सांगितलं. तिसऱ्या किकेला पांढरा धूर आला आणि गाडी लागली.

वेळ थोडा राहिलाय, तेव्हा बाकीचं भरभर सांगतो.

दुरुस्तीनंतर गाडी चालू झाली नाही, तर जिथं मिस्त्रीचा हात लागला तिथं आधी बघा. हे पुन्हा सांगतो. जिथं हात लागला तिथं आधी. वायरचा कपलर अर्धवट बसलेला असतो, अर्थची वायर आवळायची राहिलेली असते, पेट्रोलची नळी दुमडलेली असते. त्याच्याही आधी पेट्रोलचा कॉक आणि हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच बघा. हसू नका. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली झाला, आपल्या गावागावातली पोरं तिथं गाड्या जोडून आली, तरी बंद कॉकवर पन्नास किका मारणारे मी पाहिलेत.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. कार्बोरेटरच्या तळातलं पेट्रोल उडून जातं, मागं चिकटा राहतो आणि जेटचं बारीक भोक बुजतं. कार्बोरेटर उघडून साफ केल्याशिवाय इलाज नाही. बटन स्टार्टची असेल तर बॅटरी बघा. बारा व्होल्टची म्हणतात, पण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२ च्या खाली गेली तर नुसतं ‘टक टक’ वाजतं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा धुराचा नियम आला, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, टाकीत पंप असतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद घुंई असा आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज आणि पंपाची वायर.

प्लगची ठिणगी बघताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, आणि प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका. हे दोनदा सांगायला हवं. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी बघू नका.

किक एकदम हलकी जात असेल, पायाला काही दाबच लागत नसेल, तर मात्र घरी खटपट करू नका. बहुधा व्हॉल्व्ह जास्त आवळले गेलेत आणि पुरते मिटत नाहीत, किंवा टायमिंग चेन एखादा दात चुकलीय. किका मारत बसलात तर आणखी खर्च काढाल. गाडी परत न्या.

आणि गाडी ताब्यात घ्यायची ती सकाळी. इंजिनाला हात लावून बघा, थंड असायला हवं. गरम इंजिन कुणाच्याही किकेला उठतं. थंड गाडी मिस्त्रीनं तुमच्यासमोर चालू करून दाखवली, जुने पार्ट पिशवीत घालून दिले, की मग पैसे. मी अंधारात घेतली म्हणून दसरा गेला.

ते उपरणं धुऊन ठेवलंय, गाडी पुसायला चांगलं आहे. मिस्त्री नंतर विधानसभेच्या वेळी भेटला, प्रचारात होता. गळ्यात दुसऱ्याच रंगाचं उपरणं. मी त्याला एवढंच विचारलं, गॅरेजात सध्या कुणाची गाडी खोललेली आहे?

नमस्कार.